गव्हाच्या कोठीवरची चांदी

नोकरीत पुष्कळ घरं आतून पाहिली, पण पुसद भागातल्या एका तांड्यावरचं दोन खोल्यांचं ते घर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नावं कोणाचीच सांगत नाही. ती माणसं तिथंच नांदत आहेत आणि सुखात आहेत.

उन्हाळ्याचे दिवस होते. मी तिथला ठाणेदार. सकाळची हजेरी आटोपून चहा हातात घेतला, तोच ठाणे अंमलदारानं फोन पुढे केला. पलीकडच्या माणसानं नाव सांगितलं नाही.

"साहेब, आमच्या तांड्यावर सावत्र मायनं पोरीले दुधातून काहीतरी घातलं. पोरगी दवाखान्यात हाय. लवकर या, नाहीतर सारे मिळून मिटवून टाकतीन."

निनावी फोनमध्ये अर्धी बातमी असते आणि अर्धा राग. कोणतं अर्धं कोणतं, ते जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. स्टेशन डायरीला नोंद करून मी आधी दवाखाना गाठला.

पोरगी दुसरीत जाणारी. उलट्या, धाप, नाडी मंद. डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले, "विषबाधा दिसते, पण कसली ते समजत नाही. ते कळलं तर काय जपायचं ते कळेल. लवकर शोधा."

बाप ट्रकवर परराज्यात होता, निरोप मिळून निघाला होता. पोरीची सख्खी आई वारलेली. ही दुसरी, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिच्याशी तिथंच बोललो.

"रात्री पोरीला काय दिलं?"

"दूध. मीबी तेच पेली."

"मग?"

"वारा सुटला, धूळ येऊन राह्यली होती. म्हणून तिले अंगणातून उचलून आतल्या खोलीत निजवलं. खिडकी लावली, दार ओढलं. मी वसरीत सासूबाईजवळ निजली, त्यांले रातचं उठावं लागते ना. माह्यामुळंच झालं साहेब. लिहून घ्या."

शिपाई हळूच म्हणाली, "सर, कबूल करून राह्यली."

"पोरीला आत निजवल्याचं कबूल करते आहे," मी म्हटलं. "विष घातल्याचं नाही."

सलाईनसाठी नर्सनं पोरीचा हात मोकळा करायला घेतला, तर पोरगी त्या बाईचं बोट सोडेना. अर्धवट शुद्धीत एकच शब्द, "याडी". लमाणी बोलीत आईला याडी म्हणतात. लेकरू ज्या हाताला भ्यायलेलं असतं तो हात ते असं धरत नाही, हे मी नोकरीत पाहिलं आहे. कोर्टात हा पुरावा चालत नाही. पण तपासाला कोणत्या बाजूनं लागायचं, ते तिथं ठरलं.

पोलीस पाटील आणि दोन पंच घेऊन तांड्यावर गेलो. सासू दारातच उभी होती.

"पंचनामा कायले करता? धरून न्या तिले."

"तुम्ही काही पाहिलं का, आजी?"

"थांबा." ती आत गेली आणि ओढणीत गुंडाळलेला ऐवज घेऊन आली. "हे पाहा. पहिल्या सुनेची घुगरी-टोपली. नातीसाठी जपून ठेवली हाय. होळीले उजळली तं लखलख करे. काल पाह्यली, काळीठिक्कर. हिचा पायच तसा."

घुगरी-टोपली म्हणजे लमाणी सुवासिनी कानाजवळ केसांत गुंफतात ते चांदीचे दागिने. पोलीस पाटील म्हणाला, "काकी, तुह्या जिभेनंच काळी पडली असन." पंच हसले. मला मात्र हसू आलं नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजचं दार ओलांडणारा मी पहिला. बाप सालदार होता. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि पोलिसात लागलो तेव्हा भावकी म्हणाली, काठी फिरवायला हे कायले लागते? त्याचं उत्तर मला त्या दारात मिळालं. चांदी कोणाच्या पायगुणानं काळी पडत नाही. हवेत काहीतरी असावं लागतं.

"हे कुठं टांगलं होतं?"

"आतल्या खोलीत, खुंटीले. गव्हाच्या कोठीवर."

"कोठीत काय टाकलं?"

"सोंड्याच्या गोळ्या. गव्हाले कीड लागू नये म्हून सारा तांडा टाकते. शेजारणीनं परवा देल्ल्या, म्या ओढणीच्या गाठीत बांधून आणल्या."

एकानं डबी आणायची आणि विरजण वाटावं तशा गोळ्या घरोघर वाटायच्या, ही तिथली रीत. डबी एका घरात, तिच्यावरच्या सूचना त्याच घरात, आणि गोळ्या दहा घरांत. या घरात कोठीचं झाकण फुटलेलं, वर नुसती गोधडी. गोळीला हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो. तो बंद खोलीत साचला, आणि कोठीला लागून पोरीचं अंथरूण.

एक शिपाई उत्साहानं कोठी उघडायला निघाला. मी त्याचा दंडच धरला. सगळ्यांना अंगणात काढलं, दार सताड उघडलं, खिडकी बाहेरूनच काठीनं ढकलली. पुढचं काम मुखवटा घालून येणाऱ्या जाणत्या माणसाचं, म्हणून कृषी खात्याला कळवलं. त्याआधी डॉक्टरांना फोन केला.

"पोटातून नाही, श्वासातून गेलं आहे. धान्यातल्या गोळ्या."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "यावर उतारा नाही, पण आता हृदयावर डोळा ठेवतो."

म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. ती हळूहळू उंबऱ्याजवळच्या दगडावर बसली.

"गोळ्या खाल्ल्या तं इख, हे मले ठाव होतं. न खाता कसं इख होते, साहेब?"

मी सांगितलं. तिनं दागिने मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मंग मले न्या. म्याच टाकल्या."

तिला नेलं, पण दवाखान्यात. सून व्हरांड्यात बसली होती. म्हातारी तिच्याजवळ गेली आणि तिच्या डोक्यावरून सरकलेली ओढणी नीट केली. सून म्हणाली, "तुमी काही खाल्लं का सकाळपासून?"

पोरगी वाचली. दुधाच्या नमुन्यात काही निघालं नाही. गुन्हा नाही, अपघात, म्हणून चौकशी बंद झाली. मी मात्र तांड्यावर बैठक घेतली. गोळ्या सुट्या वाटायच्या नाहीत, ओढणीत-खिशात बांधायच्या नाहीत. मूळ डबीतच, कुलपात. आणि जिथं माणूस निजतो तिथं औषध घातलेलं धान्य ठेवायचं नाही. विष म्हटलं की आपण आधी माणूस शोधतो. या प्रकरणानंतर मी आधी डबी शोधायला शिकलो. डबी सापडेपर्यंत एखादी बाई जन्माची बदनाम झालेली असते.

बदली होण्याआधी त्या घरी चहाला गेलो. सुनेच्या कानाजवळ घुगऱ्या लखलखत होत्या, पोरगी त्यांच्याशी खेळत होती. कोठी आता अंगणापलीकडच्या वेगळ्या कोठारात. दाराला कुलूप, आणि कडीला त्याच दागिन्यातली एक टोपली लटकलेली, तशीच काळी.

"आजी, ही उजळायची राहिली का?"

"राहू देली," म्हातारी म्हणाली. "कुलूप काय, कोणीबी काढते. हे पाह्यलं की हात थांबते."