अकरावं कलम

करार वाचून दाखवणं माझ्या कामात बसत नव्हतं. मी कुवेतमधल्या जहरा गावी एका दलालाच्या ऑफिसात हिशेबनीस. कंपन्यांकडून मालाची कामं घ्यायची, ती ट्रेलरवाल्यांना वाटायची, मधलं कमिशन ठेवायचं, हा आमचा धंदा. करार इंग्रजी आणि अरबीत. रायगड-रत्नागिरीकडचे ट्रेलरवाले सहीआधी माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "भाऊ, जरा आपल्या भाषेत सांगा." मी सांगायचो. आपलेपणा वगैरे काही नाही. डोक्यावर कुणी उभं राहिलं की मला काम सुचत नाही.

चाचा त्यांतलेच. श्रीवर्धनकडचे, बावीस वर्षं कुवेतमध्ये, त्यातली अठरा दुसऱ्याची गाडी हाकण्यात गेलेली. मग एक जुना ट्रेलर घेतला. कागदोपत्री तो त्यांच्या कफीलच्या नावावर, कारण आमचं इथं सगळंच कुणा ना कुणा कुवेती माणसाच्या नावावर असतं. पण आतल्या सीटवर घरून आणलेली फुलाफुलांची चादर होती. कुणी 'मालक' म्हटलं तर चाचा अजून लाजायचे.

त्या दिवशी त्यांना नऊ पानी करार सांगत होतो. चहा आला. दहावं कलम संपेपर्यंत चहावर साय धरली, आणि मला साय चालत नाही. मी म्हटलं, "पुढचं सगळं नेहमीचंच आहे." चाचांनी सही केली. खोटं बोललो नव्हतो, अकरावं कलम नेहमीचंच होतं. माल उतरवून घ्यायला उशीर झाला तर गाडी थांबल्याचे पैसे मिळतील, मात्र चोवीस तासांच्या आत लेखी कळवलं तरच.

चाचा पाइप घेऊन मीना अब्दुल्ला बंदराला गेले. तिथली क्रेन बिघडली. नऊ दिवस गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी. रोज सकाळी फोन यायचा, "भाऊ, आज पण नाय उतरला माल." मी साहेबांना सांगायचो, साहेब मान हलवायचे. लेखी कळवा, हे मला एकदाही सुचलं नाही. आपल्या लोकांत फोन केला म्हणजे कळवलं. चिठ्ठी धाडली तर समोरच्याला वाटतं, हा भांडण उकरून काढतोय. शिवाय ते कलम मी स्वतः शेवटचं कधी वाचलं होतं, देव जाणे.

त्या नऊ दिवसांच्या पैशांत चाचांना टायर घ्यायचे होते. टायर नाहीत तर गाडी तपासणीत पास नाही. पास नाही तर दफ्तर, म्हणजे गाडीची नोंदणी, नाही. आणि दफ्तराशिवाय चाचा पुन्हा कुणाचे तरी ड्रायव्हर.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. करार उघडला, अकराव्या कलमावर बोट ठेवलं. आमचं तिघांचं बोलणं हिंदीत चालायचं.

"लेखी कळवलंत?"

"रोज फोन केला."

"लेखी?"

साहेब माझ्याकडे बघत चाचांना म्हणाले, "याने हे कलम सांगितलं नसेल तर तसं बोला. मग चूक ऑफिसची. तुमचे पैसे ऑफिस देईल, याचं काय करायचं ते मी बघतो."

बघतो म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्याच ऑफिसवर. मुलगी सलव्यातल्या शाळेत दहावीला. मला तोंड होतं, उघडता आलं असतं. मी मूग गिळून बसलो.

चाचा टेबलाकडे बघत म्हणाले, "सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. मीच विसरलो."

साहेबांनी करार मिटला.

बाहेर जिन्यात मी म्हटलं, "चाचा, टायरचे पैसे मी देतो."

"आणि साहेबांनी विचारलं, टायर आले कुठून? रावद्या. पोरगी दहावीला हाय ना तुमची?"

"हो."

"मग. मला काय, गाडी चालवता येते."

मला लाज वाटली. अजूनही वाटते. तिचा कुणाला काही उपयोग झालेला नाही.

ट्रेलर विकला गेला. तीन महिन्यांनी साहेबांनी ऑफिसच्या स्वतःच्या दोन गाड्या घेतल्या आणि एकीवर पगारी ड्रायव्हर म्हणून चाचांना ठेवलं. सहीच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेली फुलाफुलांची चादर.

"भाऊ, सांगा आपल्या भाषेत."

दोनच पानं होती. मी एकेक ओळ सांगितली. खालचा ऑफिसचा पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला, पान दोनपैकी दोन हेही सांगितलं. चहावर साय धरली.

"संपलं?"

"संपलं."

चाचांनी सही केली आणि गाडीची किल्ली मागितली.