अंबिकाबायचं वर जाणं

अंबिकाबायच्या बोलण्यात जगाचे दोनच भाग होते, वर आणि खाली. वर म्हणजे भाईंदरहून उत्तनला जाताना लागणाऱ्या डोंगरी गावाच्या मागल्या टेकडीवरची तिची वाडी. खाली म्हणजे उरलेलं सगळं. त्यात भाईंदरचा बाजार आला, मुंबई आली, दिल्ली आली आणि टीव्हीत दिसणारी अमेरिकाही आली. लग्न होऊन ती वर गेली ती पुढची चाळीसेक वर्षं वरच राहिली, आणि मजेत राहिली.

वाडी ती केवढी! मूठभर घरं, एक देऊळ, एक विहीर. कोणी दोनदा शिंकलं की पलीकडच्या ओटीवरून आवाज यायचा, "काढा करू काय गो?" भांडणं व्हायची, चांगली बोटं मोडून व्हायची, पण पाण्याला विहीर एकच असल्यामुळे संध्याकाळच्या पुढे अबोला टिकवणं कोणालाच जमायचं नाही. कालवण फक्कड झालं की वाटीभर शेजारी जायचंच. आणि बिघडलं, तर शेजारीण स्वतः येऊन ते का बिघडलं हे सांगून जायची. सुखाने राहायला याहून वेगळं काही लागतं, हे अंबिकाबायच्या कधी डोक्यातच आलं नाही.

नवरा गेल्यावर मात्र मुलाच्या, जितेंद्रच्या, जिवाला घोर लागला. त्याने ९३ साली भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये फ्लॅट घेतला होता, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. "आये, तू तिथंच चल," म्हणून तो हटूनच बसला. वाडीने थट्टा केली, "म्हातारी जित्तेपनी इंद्रलोकात चालली!" अंबिकाबाय शेवटी तयार झाली, पण अट घालून. "शिमग्यापरत बगीन. जीव रमला तं रमला, न्हाय तं मी आपली वर जाईन." जितेंद्र हो म्हणाला खरा, पण तेव्हापासून कॅलेंडरचं पान उलटलं की तो शिमग्याला किती दिवस उरले ते मोजायचा.

आणि जीव काही रमेना. मुलगा आणि सून रसिका सकाळीच कामाला जात. मग जिन्यात सगळी बंद दारं. पहिल्याच आठवड्यात तिने सुक्या जवळ्याची झणझणीत चटणी केली आणि रिवाजाप्रमाणे वाटी घेऊन शेजारच्या नीलमबेनकडे गेली. नीलमबेन पडल्या कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्यांनी नाकाला पदर लावला आणि दार असं काही लावलं, की अंबिकाबाय वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने गच्चीवर बोंबील वाळत घातले, तर सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताराम तणतणत वर आले. "आजी, ही बिल्डिंग आहे, बंदर नाही!" त्या दिवसापासून अंबिकाबायने वाटी फडताळात ठेवून दिली.

माघ सरत आला तेव्हा ती एकदा जिन्याच्या पायरीवर एकटीच बसली होती. नीलमबेन भाजी घेऊन चढत होत्या. झाल्या प्रकाराची थोडी लाज वाटून त्यांनी विचारलं, "कैसे हो, माजी?"

अंबिकाबायने आपली ठेवणीतली हिंदी काढली. "मेरा मन भर गया इधर. होली को मैं ऊपर जायेगी."

"ऊपर?"

"हां, ऊपर. मेरा आदमी का घर उधरीच है ना. अब वापस नहीं आयेगी. छोकरे को भी बोल दिया."

तिचा आदमी देवाघरी गेलाय हे नीलमबेनना माहीत होतं. त्यांच्या हातातली पिशवी गळाली आणि टोमॅटो थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत घरंगळत गेले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं, की चौथ्या मजल्यावरच्या आजींना आपला दिवस कळलाय. दुसऱ्या दिवसापासून दार वाजायला लागलं. नीलमबेन खिचडी-कढी घेऊन आल्या आणि तासभर बसल्या. तळमजल्यावरची एक सून मुलाला पाया पडायला घेऊन आली. दत्ताराम तर हात जोडूनच उभे राहिले. "आजी, गच्चीवर काय वाळवायचं ते खुशाल वाळवा. सोसायटी बोलणार नाही."

खालच्या माणसांना उशिरा का होईना अक्कल आली, असं अंबिकाबायला वाटलं. ती खुलली. नीलमबेनच्या कढीत साखर जास्त पडते हे तिने तोंडावर सांगितलं, आणि नीलमबेन रागावण्याऐवजी डोळे पुसत हो म्हणाल्या. बाई फार हळवी दिसते, असं तिने रसिकाला सांगितलं.

होळीच्या दोन दिवस आधी, जितेंद्र कामावरून आल्यावर, दत्ताराम आणि नीलमबेन घरी आले. दत्तारामनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजींचं ऐकलं. धीर धर, बाबा."

जितेंद्रचा चेहरा पडला. "काय करणार? थांबवून थांबत नाहीये ती."

"डॉक्टर काय म्हणतोय?"

"डॉक्टर कशाला? उत्तनची बस पकडून जाणार ती."

"बसने?" दत्तारामचा हात खांद्यावरच राहिला.

पहिल्यांदा उमगलं ते रसिकाला. "अहो, वर म्हणजे डोंगरीला, वाडीवर!" म्हणत ती हसत सुटली, मग सगळेच हसले. दत्तारामना ठसका लागला, नीलमबेन पदरात तोंड लपवून घरी पळाल्या. अंबिकाबायही हसली, पण पाहुणे गेल्यावर तिचा चेहरा उतरला. म्हणजे ही माणसं तिच्यासाठी येत नव्हती, तिच्या मरणासाठी येत होती! तिला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. सगळे ओशाळले होते. दारं पुन्हा बंद.

होळीच्या सकाळी पिशवी उंबऱ्याशी तयार होती. आईला सोडायला म्हणून जितेंद्र रजा घेऊन चपला घालत होता, रसिकाही घरीच पुरणाला लागली होती, तेवढ्यात अंबिकाबाय तरातरा जिन्यात गेली. तिने नीलमबेनच्या दारावर थाप मारली, मग कठड्याला धरून वाकली आणि विहिरीवरून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"अरं, मी मरत न्हाय म्हनून माज्याकडं कोन येनारच न्हाय काय?"

तळमजल्यावर कडी वाजली. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी फिसकन हसलं. नीलमबेनचं दार उघडलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आती हूं, माजी. गॅस बंद करके आती हूं."

"ये, सवकाश ये," अंबिकाबाय म्हणाली.

ती घरात आली तेव्हा जितेंद्र एका पायात चप्पल घालून तसाच बसला होता. त्याने उंबऱ्याशी ठेवलेली पिशवी हळूच आत ओढून घेतली. अंबिकाबायने पदर खोचला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली. "रसिका, पुरनाला डाल जास्त घाल गो. आज मानसा येतील."