साडेपाच तास वजा

बाबा परदेशात माझ्याकडे स्टॅनमोरला येऊन दोन आठवडे झाले, तरी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ साताऱ्यातच होतं. "तीन आठवड्यांसाठी आलोय, त्या बिचाऱ्याचे कान कशाला पिळू?" म्हणायचे आणि वेळ विचारली की तोंडी साडेपाच तास वजा करून सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. मी मात्र त्यांच्या चुका टिपायलाच बसले होते.

दादानं तसं सांगितलं होतं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. दादाचं म्हणणं, ते आता विसरायला लागलेत, तेव्हा साताऱ्याचं घर बंद करून त्यांना मुंबईला न्यायचं. बाबांचं म्हणणं, मी इथून हलणार नाही. "तू जवळून बघ, काय विसरतात ते लिहून ठेव, मग ठरवू," दादा म्हणाला. मग मी चोरून फोनमध्ये लिहायला लागले. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. शेजारणीचं नाव दोनदा विचारलं. आईचं औषध संपलं का म्हणून विचारलं. अशा आठ ओळी झाल्या होत्या. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही क्रूझवर निघालो, तीसुद्धा खरं सांगायचं तर त्यासाठीच घेतली. जहाजातून माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? पण समुद्र बघायचा सोडून मी सगळा वेळ बाबांकडेच बघत होते, आणि जीव नुसता टांगणीला.

रविवारी जहाज वेल्समध्ये होलीहेडला लागणार होतं. सकाळी सहाला गजर वाजला. बाबांनी डोळे किलकिले करून घड्याळ पाहिलं.

"अगं, पाच वाजता कशाला उठवतेस?"

सहाला पाच म्हणतात! ते अंघोळीला गेल्याबरोबर मी नववी ओळ लिहिली आणि दादाला पाठवूनही दिली. दाराखालून रात्री सरकवलेला कागद तिथेच पडला होता. कार्यक्रमांचा असला कागद रोजच यायचा. वाचायला सवड कुणाला! त्यात चार बेसनाचे लाडू गुंडाळून पर्समध्ये टाकले.

होलीहेडहून कोचनं, सहलीच्या बसनं, आम्हाला कॉनवीला नेलं. एवढंसं गाव, त्याच्याभोवती सातशे वर्षांपूर्वीचा दगडी तट, शाबूत. कोपऱ्यात किल्ला, खाली बंदर. बाबा दर रविवारी अजिंक्यतारा चढणारा माणूस. तट बघून त्यांच्या अंगात वारंच शिरलं. तटावरून चालत गावाला चक्कर मारता येते म्हटल्यावर तर विचारूच नका. मला उंचीची भीती. चार पायऱ्या चढले आणि तिथूनच मागे फिरले.

"भित्री भागूबाई! तू बस चहा पीत," बाबा म्हणाले. "मी येतो फिरून."

"तीनला कोच सुटतो, बाबा. तीन म्हणजे तीन."

"पावणेतीनला हजर. बस?"

फोन त्यांनी केबिनमध्येच ठेवला होता. तरी जाऊ दिलं. चहाच्या दुकानात खिडकीशी बसून मी त्यांचा लाल मफलर तटावर शोधत राहिले. बराच वेळ तो दिसत होता, मग दिसेनासा झाला. पावणेतीन झाले. तीन झाले. कोचमधली माणसं घड्याळं बघायला लागली. गाइड बाई भली, दहा मिनिटं थांबली, मग म्हणाली की जहाज साडेचारनंतर कुणासाठीच थांबत नाही. मी खाली उतरले आणि कोच गेला. तिथूनच दादाला लिहिलं, "बाबा हरवले. तू म्हणतोस तेच खरं."

बंदरावर नाहीत, किल्ल्यात नाहीत. मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी दक्षिणेच्या दरवाजातून बाहेर पडले तर तटाखाली लाल मफलर! बाबा मान वर करून उभे होते.

"हे बघ, बारा शौचकूप एका ओळीत!" ते खुशीत म्हणाले. "मी म्हणतो ना, किल्ला म्हटला की सोय लागतेच!"

"किती वाजलेत कळतंय का तुम्हाला?" भर रस्त्यात मी मराठीत किंचाळले.

"अजून पंचवीस मिनिटं आहेत की."

"तीन वीस झालेत, बाबा! कोच गेला!"

त्यांनी घड्याळ पाहिलं. ओठ हलले. पुन्हा हलले. "दोन वीसच येतात गं," ते हळूच म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला.

होलीहेडला नेणारी टॅक्सी मिळाली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "दादाला सांग, घर बंद करा. येतो मी मुंबईला." मला हेच तर हवं होतं. मग आनंद का होईना?

नजर चुकवायला समोर पाहिलं. टॅक्सीच्या घड्याळात दोन पन्नास. "तुमचं घड्याळ मागे आहे का?" मी ड्रायव्हरला विचारलं.

म्हातारा ड्रायव्हर हसला. "उन्हाळी वेळ सुरू झाली, आज पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली ना! मी दरवर्षी विसरतो."

मी पर्स उघडली. लाडवांचा तेलकट कागद उलगडला. वरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आज रात्री घड्याळ एक तास पुढे करा. माझा फोन आपोआप पुढे गेला होता. बाबा अजून साडेपाच वजा करत होते. कालपर्यंत ते बरोबर होतं, आजपासून साडेचार. हे त्यांना सांगणार कोण? मीच ना! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सकाळचे पाच माझे बरोबरच होते की," बाबा म्हणाले.

"ते मी लिहून ठेवलंय," माझ्या तोंडून निघून गेलं. "दादाला पाठवलंयसुद्धा."

त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. चष्मा लावून त्यांनी नऊच्या नऊ ओळी सावकाश वाचल्या. तिसरीवर बराच वेळ थांबले.

"हे शेवटचं खोड. ते माझं नाही."

मी खोडलं. तिथूनच दादाला फोन लावला. "हरवले नव्हते रे," म्हटलं, "चूक माझी होती."

तो काही बोलायच्या आत बाबांनी फोन मागितला.

"दे इकडे. औषधाचं खरं आहे. ते मी सांगतो त्याला."