हिट गाण्याचा सराव कोण करतो

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर इमारतींच्या काळोख्या भोकांत उतरून दोर तपासायचे, संध्याकाळी हातांचं ग्रीस घासून काढायचं आणि माइकसमोर उभं राहायचं, हे त्याचं वर्षानुवर्षांचं आयुष्य. बँड त्याचा. मी धाकटी बहीण, बास वाजवते. ड्रमवर ठोक्या आणि गिटारवर मास्तर. हा मास्तर खरोखरच शाळेत गणित शिकवतो आणि वाजवतानाही तोंड पेपर तपासल्यासारखंच करतो.

आमचं एकच गाणं गाजलं. तेही आम्ही पोरंसोरं होतो तेव्हा. पण असं गाजलं, की आजही कोणी ओळख करून देताना आमचं नाव सांगत नाही, त्या गाण्याची ओळ गुणगुणतो. दादाला याची भयंकर चीड. त्याचं म्हणणं, खरा बँड अल्बमच्या मागच्या, फारशा न गाजलेल्या गाण्यांत असतो. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसावर त्याने एक लांबलचक गाणं केलंय, ते त्याचं लाडकं. मी म्हणायची, ते ऐकायला तू आणि वहिनी, आणि वहिनीसुद्धा मध्येच गॅस बघायला उठते. लोक येतात ते हिटसाठी येतात, उगाच नाक मुरडू नकोस. यावरून आमची भांडणं ठरलेली. ठोक्या तेवढ्यात चहा करून घ्यायचा.

गेलं वर्षभर मात्र तो हट्टालाच पेटला होता. ते गाणं यादीतून काढूनच टाका म्हणे. छोट्या कार्यक्रमांत ते गाळलंही आम्ही, आणि लोकांची तोंडं पडलेली पाहिली. तालमीत तर ते कधीच कोणी म्हणत नाही. आम्ही नुसतं वाजवतो आणि दादा खुर्चीवर बसून पाय हलवतो. हिट गाण्याचा सराव कोण करतो? झोपेतून उठवलं तरी येतं ते. हाच आमचा मूर्खपणा. कारण तालमीत म्हटलं असतं, तर माझ्या कानांना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कळलं ते भलत्या वेळी. शहरातल्या एका हॉलच्या मालकाने आम्हाला बोलावलं होतं. आजचा कार्यक्रम रंगला तर दर शनिवार तुमचा, पण ते गाणं शेवटी झालंच पाहिजे, असं त्याने बजावलं होतं. दादा वाद न घालता हो म्हणाला, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. आम्ही स्टेजवर चढणार इतक्यात वहिनीने मला जिन्याखाली ओढलं. दादाचा घसा बिघडला होता आणि वर्षापूर्वीच डॉक्टरांनी त्याला वरच्या पट्टीत गायला साफ मनाई केली होती. आणि आमच्या हिट गाण्याची ती गाजलेली ओळ तर सगळ्यात वरची. ताण दिलास तर होता तो आवाजही जाईल, मग बोलायलासुद्धा पंचाईत होईल, असं सांगितलं होतं. दादाने तिला शपथ घातली होती, म्हणून ती ब्र काढत नव्हती.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वर्षभर हा माणूस माझ्याशी मागची गाणी, मागची गाणी करून भांडतो, आणि खरं कारण गिळून बसतो. त्याचं मुस्काट फोडावं असं वाटलं. पण तोवर मास्तर वरून हाक मारत होता.

कार्यक्रमभर माझं लक्ष फक्त दादाच्या मानेकडे. त्याने मागचीच गाणी घेतली, खालच्या आवाजात, आणि छान म्हटली. लोक ऐकत होते, पण चुळबुळ वाढत चालली होती. मग मागून कोणीतरी त्या गाण्याचं नाव घेतलं आणि बघता बघता सगळा हॉल तेच ओरडायला लागला. भिंतीशी मालक हाताची घडी घालून उभा. दादाने पाणी प्यायलं, माइक जवळ घेतला आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

ते गाणं माझ्या बासवर सुरू होतं. मी सुरू केल्याशिवाय कोणालाच काही करता येत नाही. मी हात तारांवरून उचलला.

दादा जवळ आला. "सुरू कर."

"नाही करणार. वहिनीने सांगितलंय मला."

त्याचा चेहरा उतरला. लोकांना वाटलं आमचं काहीतरी नाटक चाललंय, ते टाळ्यांचा ठेका धरू लागले. ठोक्या घाबरून कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होता. दादा दात आवळून म्हणाला, की एकदाच, शनिवार मिळाले की मग बघू. एकदाच म्हणे. मी त्याला खांद्याने बाजूला सारलं, त्याच्या माइकसमोर उभी राहिले आणि वाजवायला घेतलं. इतकी वर्षं त्या ओळीला मागून वरचा सूर मीच देत आले होते. तो सूर मूळ चालीपेक्षा वेगळा होता, पण माझा गळा तिथवर जात होता. ती ओळ आली तशी मी डोळे मिटून जोरात म्हणून टाकली.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. खुर्च्यांवर चढले, सगळं गाणं माझ्याबरोबर म्हणाले. मालक स्टेजवर धावत आला, शनिवार तुमचे म्हणाला, माझा हात जोरजोरात हलवला. दादा आज का गायला नाही, हे त्याने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

सामान गाडीत भरताना दादा आणि मी दोघंच होतो. मला वाटलं आता रागावेल. तो केबल गुंडाळत राहिला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "ते गाणं कोणीही म्हटलं तरी चालतं त्यांना. मी नसलो तरी चालतं."

आयुष्यभर ज्या भांडणात मी माघार घेतली नव्हती, ते तो तिथे जिंकला, आणि मला रडू फुटलं. मी म्हटलं, ते लिफ्टमधल्या माणसाचं गाणं मला सात जन्मांत म्हणता येणार नाही.

"मग शनिवारी आधी तेच," तो म्हणाला. "लोक उठून गेले तर?"

"मी दारात उभी राहते. बघू कोण जातंय ते."