सात दहा ते सात पस्तीस

आमच्या टूलरूममध्ये एक नियम होता. ज्याने पार्ट बनवला, त्याने तो पास करायचा नाही. मशीनवर तुमची वीस वर्षं गेलेली असोत, माप दुसऱ्याने घ्यायचं आणि सही त्याची. भांडुपची ती कंपनी बंद झाली. तिथे आता टॉवर आहेत आणि मी एका सोसायटीत मेंटेनन्स बघतो. पंप, लिफ्ट, गळके नळ. पण तो नियम मी घरातही ऐकवत असे, इतका की बायको हसायची. त्यामुळे जे घडलं ते माझ्याकडून नकळत घडलं, असं मला म्हणता येत नाही.

माझा धाकटा भाऊ मुलुंडला राहतो. त्याने एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली आणि हळूहळू तिचं सगळं बदलत नेलं. टाकी, सीट, हँडल. शेवटी पुढचं चाक राहिलं.

"दादा, मागून बुलडोझर दिसते, पुढून सायकल. पुढे रुंद टायर बसव ना."

"बसेल. पण नुसता टायर नाही, रिमपण रुंद लागेल."

"मग तूच बसव. तुझ्यासारखं कोण करणार?"

हे शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं. कंपनी सुटल्यापासून असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

तीन रविवार आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आम्ही ते काम केलं. रुंद रिम आली, टायर चढला, चाकाच्या दोन्ही बाजूंचे बुश, म्हणजे चाक मधोमध धरणाऱ्या कड्या, मी ओळखीच्या लेथवर स्वतः काढले. शॉकअपच्या दोन नळ्यांमध्ये टायर नीट मधोमध बसला. दोन्हीकडे बोट जाईल एवढी जागा. अडचण आली ती मडगार्डची. जुनं अरुंद होतं. म्हणून नवं रुंद मडगार्ड घेतलं आणि ते वर, हँडलखालच्या पट्टीला चार बोल्टनी अडकवलं. दिसायला झकास. पण त्यात एक धोका असतो. ब्रेक मारला की शॉकअप दबतो, चाक वर येतं, आणि मडगार्ड मात्र जागच्या जागी राहतं. मधली जागा किती उरते ते मोजावं लागतं.

ते मोजायची आमची कंपनीतली युक्ती होती. जिथे पट्टी जात नाही तिथे मऊ गोळा ठेवायचा आणि दाबला गेल्यावर त्याची जाडी मोजायची. मी आईकडे कणीक मागितली.

"टायराक चपाती घालतंस की काय?" आई म्हणाली. ती मालवणी सोडून काही बोलत नाही.

टायरवर कणकेचा गोळा ठेवला, पट्ट्यांनी ओढून शॉकअप पूर्ण खाली आणला. गोळा काढून व्हर्निअरने मोजला. चौदा मिलिमीटर. पुरेसं होतं. भावाने माझी पाठ थोपटली. तो गोळा वाळवून मी खिडकीत ठेवला, बक्षिसासारखा.

भाऊ आणि त्याची बायको त्या गाडीवरून गावाला जाणार होते. तिला हे चाक सुरुवातीपासून पसंत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी दोघं आमच्याकडे मुक्कामाला आले. मी सगळे नट-बोल्ट एकदा आवळून बघत होतो. मडगार्डच्या दोन बोल्टचे आटे गेलेले निघाले. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे त्या जाडीचे फक्त लांब बोल्ट होते. आधीचे बोल्ट खालून वर घातलेले होते, म्हणजे टायरकडे त्यांचं गुळगुळीत डोकं होतं. आता चाक बसलेलं असल्यामुळे खालून पाना फिरेना. म्हणून मी लांब बोल्ट वरून घातले आणि नट खाली आला. नटाच्या खाली बोल्टचं शेपूट चांगलं इंचभर लोंबत राहिलं, थेट टायरच्या दिशेने.

सकाळी कापतो, असं मी मनाशी म्हटलं. हॅक्सॉचं नवं पातं आणून ठेवलं होतं.

भावाची बायको तिथेच उभी होती. ती म्हणाली, "भावोजी, चेकनाक्याचे गॅरेजवाले मामा अजून उघडे असतील. एकदा त्यांच्या नजरेखालून घालू या का?"

"त्याला मी शिकवलंय स्पोक कसे ओढायचे," मी म्हणालो. "भरवसा नसेल तर एसटीने जा."

आत जाऊन तिने आईच्या पोळ्या लाटायला घेतल्या.

सकाळी ती दोघं ठरल्यापेक्षा आधी निघाली. ऊन व्हायच्या आत ऐरोलीचा पूल ओलांडायचा होता. मी आंघोळ करून बाहेर येतो तर आई त्यांच्या हातावर साखर ठेवत होती आणि भाऊ हेल्मेटचा पट्टा लावत होता. सहा वीस झाले होते. मी गेटपर्यंत गेलो. गाडी वळली तेव्हा पुढचं चाक खरंच देखणं दिसलं. माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काहीही नव्हतं.

सात वाजून दहा मिनिटांनी मी हत्यारांची पेटी आवरायला घेतली. खात्रीने सांगतो, कारण समोर भिंतीवर घड्याळ होतं. पेटीत हॅक्सॉचं पातं होतं, कागदात गुंडाळलेलं, न उघडलेलं.

मी त्याच मापाचा उरलेला एक बोल्ट घेतला. नट लावला, मडगार्डच्या पत्र्याची जाडी सोडली आणि खालचं शेपूट मोजलं. बावीस. खिडकीतला गोळा, म्हणजे टायरवर उरणारी जागा, चौदा. पुन्हा मोजलं. बावीस.

फोन शेजारीच होता.

मी बसून राहिलो. सुरुवातीला मी हिशेब केला. शॉकअप पूर्ण कधी दबतो? खूप जोरात ब्रेक मारला तर. भाऊ सांभाळून चालवतो. मग म्हटलं, मागे दोन बॅगा आहेत, दोघं बसलेत, वजन सगळं मागे, पुढे काय दबणार. हे मला खोटं वाटत होतं तरी मी ते परत परत म्हणत होतो. मग वाटलं, वाटेत वडखळला पोचले की तो फोन करेलच, तेव्हा सहज सांगू, तिथे कुठल्यातरी गॅरेजात कापून घे म्हणून, जसं काही किरकोळच आहे. कारण आता फोन केला तर काय होणार ते मला दिसत होतं. ती मागे बसून ऐकणार. आणि काल तिला मी एसटीने जा म्हटलं होतं.

आई देवपूजा करत होती. मधेच तिने मागे वळून विचारलं, "हातात काय धरलंस ता?"

"बोल्ट."

"मगे असो कित्याक बसलंस?"

ती परत देवाकडे वळली. तिने घंटा वाजवली, नैवेद्य दाखवला, ताम्हण उचलून आत नेलं. तेवढा सगळा वेळ मी बोल्ट धरून बसलो होतो.

सात पस्तीसला मी भावाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा. मग तिचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, पण आवाज भावाचा होता.

"दादा, आम्ही पडलो रे."

"कुठे?"

"पळस्प्याच्या पुढे. स्पीडब्रेकर दिसलाच नाही, ब्रेक दाबला आणि पुढचं चाक एकदम धरल्यासारखं झालं. मला काही नाही. हिने हात टेकवला. मनगट सुजलंय."

"गाडीला हात लावू नकोस," मी म्हणालो. "माझे बोल्ट लांब आहेत. माझी चूक आहे."

"नाही रे, मीच जोरात दाबला ब्रेक. तू येतोस का पण?"

पनवेलच्या हॉस्पिटलात स्कूटरवरून पोचलो तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर घालणं चालू होतं. मनगटाचं हाड मोडलं होतं. बाहेरच्या बाकावर भाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"कमाल म्हणजे आम्ही तोपर्यंत पनवेलला चहा पीत बसलो होतो," तो म्हणाला. "सव्वासात ते साडेसात. आरामात. हिला म्हटलं, दादाने केलंय, डोळे मिटून बस."

"फोन?"

"फोन टेबलावरच होता. निघताना बॅगेत टाकला."

मी त्याच्या शेजारी बसलो. बोल्टबद्दल त्याला सगळं सांगितलं, लांबी, शेपूट, न उघडलेलं पातं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "होतं रे. कळल्याबरोबर फोन तर केलास ना." तो मला धीर देत होता.

ती बाहेर आली. चेहरा पांढरा पडला होता. हात गळ्यात अडकवलेला. मला बघून तिने साडीचा पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि विचारलं, "भावोजी, तुम्हाला कळलं कधी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आत्ता," मी म्हणालो. "कळलं आणि लगेच फोन लावला."

तिने मान हलवली.

याला दोन वर्षं होतील. चाक भावाने काढून टाकलं नाही. गॅरेजवाल्या मामांनी मडगार्ड वर उचलून दिलं, बोल्ट बदलले, आणि मला एका शब्दाने काही विचारलं नाही. टायरवर दोन बोल्टचे ओरखडे होते, तो टायर मात्र बदलला. तिचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळत नाही. कणीक भाऊ मळतो. मुलुंडला जेवायला गेलो की तो परातीशी उभा असतो आणि बायकोला म्हणतो, "बघ, नरम झाली का?" ती डाव्या हाताने दाबून बघते आणि म्हणते, "नाही. अजून मळ." सगळे हसतात. मीही हसतो. तो पाहुण्यांना ती गोष्ट सांगतो तेव्हा दादाने लगेच फोन केल्याचं न चुकता सांगतो. ती त्या वेळी माझ्याकडे बघत नाही. तिला काही ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही.

मला वाटायचं, बोल्टची चूक कबूल केली म्हणजे झालं. ती कबूल करणं सोपं होतं. चूक हाताची होती. त्या पंचवीस मिनिटांत मात्र हात काहीच करत नव्हते आणि डोकं जागेवर होतं. मला माप माहीत होतं.

हे सगळं मी लिहून काढलं आणि दोनदा वाचलं. घड्याळातल्या वेळा बरोबर आहेत. पण लिहिणारा मी आहे, त्यामुळे वाचून ठीक आहे म्हणायचा अधिकार माझा नाही. ही पानं उद्या मुलुंडला नेणार आहे. भावाला नाही, आधी तिला देणार. ती वाचेल तेव्हा मी समोर बसणार आहे.