मापकाकांचं न बोललेलं वाक्य

माणूस दुकानाच्या पायरीवर चढायचा अवकाश, मापकाकांची नजर त्याच्या तोंडाकडे न जाता थेट पायांकडे जायची. बाजारातल्या त्या बुटांच्या दुकानात त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी सगळ्या जगाला ते मापकाका. गिऱ्हाइकाने "आठ नंबर द्या" म्हटलं की ते खाली बसत नि म्हणत, "तो आठ तुमच्या कॉलेजातला. पायाचं वय वाढलंय साहेब, जरा टेकवा इथे." मग लाकडी पट्टीवर पाऊल ठेवून घ्यायचं, पुढचा ठोकळा अंगठ्याला भिडवायचा, बाजूची पट्टी पंजाला लावायची. सकाळी कुणी बूट घ्यायला आलं तर त्याला परत पाठवायलाही ते कमी करत नसत. "पाय दिवसभरात फुगतो. सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी वैरी होतो. चार वाजता या." मालक कपाळावर हात मारायचा, पण माणूस चार वाजता यायचाच.

असं सगळं असलं तरी दिव्याखाली अंधार असतो तो असतोच. गावाचे पाय मांडीवर घेतलेल्या या माणसाने स्वतःच्या बायकोचा पाय कधी पट्टीवर ठेवून घेतला नव्हता. लग्न ठरताना सासूबाईंनी एक नंबर सांगितला होता, त्याच नंबराचा खोका वर्षानुवर्षं घरी येत राहिला. काकूंचा पाय टाचेशी बारीक नि पंजाशी पसरट. काका चेष्टेने म्हणायचे, "देवाने बदकाचे पाय करता करता चुकून तुला लावले." काकू हसायच्या. देवाने दिलं त्याला नाव कशाला ठेवायचं, असा त्यांचा स्वभाव. करंगळी शेजारच्या बोटाखाली कधी दबून गेली, ते त्यांनाही कळलं नाही.

त्यांची सून शाळेत मुलांना खेळ शिकवायची. मुलगा आणि ती दोन गल्ल्या पलीकडे राहत. रविवारी ही पोरगी गावामागच्या डोंगरावर पायवाटेने पळायला जायची. एकदा सहज म्हणाली, "आई, चला ना, नुसतं चालायला." काकू गेल्या. पुढच्या वेळी चढ चालून उतारावर दुडूदुडू धावल्या. मग सपाटीला पळू लागल्या, आणि बघता बघता पन्नाशी ओलांडलेली ही बाई दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळांवरून पाय टाकत अख्खी वाट पळून यायला लागली. घरी यायच्या त्या लालबुंद होऊन, केसांत वाळकी पानं घेऊन.

एकदा जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, वर पोचलं ना, की घरातलं एकसुद्धा काम आठवत नाही." चोरी कबूल करावी तशा बोलल्या. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या पानात वाढण्यात गेलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच काहीतरी फक्त तिचं असं मिळालं होतं.

"आता या वयात ऑलिंपिकला पाठवू का?" काका म्हणाले.

"पाठवा. पण आधी बूट द्या धड. उतरताना बोटं पुढे आपटतात. सूनबाई म्हणते, पंजाला रुंद पाहिजेत, आणि टाच नि बोटं एका पातळीत असलेले. झीरो ड्रॉप का काय म्हणतात त्याला."

"सूनबाई म्हणते!" काकांचा घास हातातच राहिला. "मी इतकी वर्षं काय भाजी विकतोय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोका आणला. जाड टाचेचे, आणि नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. पाय रुंद असला की लांब बूट देऊन गप्प बसवायचं, ही त्या धंद्यातली जुनी पळवाट. काका गिऱ्हाइकाला ती कधी दाखवत नसत. घरच्या माणसाला खपून जाईल असं वाटलं असावं. रविवारी काकू परत आल्या त्या लंगडत. बूट लांब म्हणून पाऊल आत घसरत होतं, आणि पंजा मात्र तसाच आवळलेला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती.

काकूंनी नखांना तेल लावलं. एका शब्दाने बोलल्या नाहीत. तिथेच काकांनी ओळखायला हवं होतं.

तीन-चार दिवसांनी ऐन गर्दीच्या वेळी काका माळ्यावरून खोके उतरवत होते. खाली बघतात तर त्यांच्याच स्टुलासमोरच्या खुर्चीत काकू बसलेल्या, शेजारी सून, आणि काकूंचं पाऊल हातात घेऊन बसला होता दुकानात नवीन लागलेला सेल्समन. कपडे कायम कडक, म्हणून त्याला सगळे परीटघडी म्हणत.

"अगं, तू इथे?" काका शिडीवरूनच म्हणाले.

"का? दुकान सगळ्यांसाठी उघडं आहे ना? गिऱ्हाईक म्हणून आलेय," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण ते हसू वेगळं होतं.

परीटघडीने बाजूची पट्टी सरकवली. "काकू, तुमचा पाय लांब नाहीच हो. रुंद आहे. इतके दिवस कुणी दिले तुम्हाला हे असले?"

सून तोंड फिरवून हसली. शेजारी बूट बघणाऱ्या दोन बायकाही हसल्या. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "मापकाका, उतरा खाली, घरची तक्रार आलीये!"

काका उतरले. कान तापले होते. परीटघडीने रुंद पंजाची, सपाट तळाची जोडी काढली. तळाला पायवाटेसाठी खोल दाते. काकूंनी पाय घातले, बंद बांधले, उभ्या राहिल्या आणि आतल्या आत बोटं हलवून बघितली. त्यांचा चेहराच पालटला. "अगं बाई! करंगळीला जागा आहे गं!" दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या चालून आल्या, मग चार पावलं पळाल्याही.

आता अशा सपाट बुटांचं एक वाक्य असतं. टाच उंच ठेवायची सवय असलेल्या माणसाला ते एकदम घालून पळता येत नाही; टाच खाली गेली की सगळा ओढा पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. आधी घरात घालायचे, मग चालायचे, मग थोडं थोडं पळायचं, चांगले दोन-तीन महिने. मापकाका हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला खोका बांधताना ऐकवत. कुणी घाईत असला तर त्याच्या मागे दारापर्यंत जाऊन ऐकवत. परीटघडी नवा होता. त्याने वर बघून विचारलं, "काका, यांना अजून काही सांगायचं?"

काकूही वळून बघत होत्या. सूनही.

"मी काय सांगणार?" काका म्हणाले. "तुम्ही सगळे शहाणे आहात. बांध खोका."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना वाटलं, संध्याकाळी घरी सांगू. संध्याकाळी काकू बूट घालून स्वयंपाकघरात फिरत होत्या, गुणगुणत. ते गुणगुणणं ऐकून काकांचा राग पुन्हा फणा काढून बसला. विचारू दे तिने, मग सांगेन. पहिल्या रविवारनंतर काकूंनी पोटऱ्या धरल्या, "भरून आल्यात हो, वय झालं," म्हणाल्या. काकांनी पेपर वाचता वाचता ऐकलं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी उठताना काकूंची टाच टेकेना. काका तेव्हाही बोलले नाहीत. इतक्या उशिरा बोललं तर आधी का नाही बोललात, असं विचारतील, ही नवीच भीती आता रागाच्या जागी येऊन बसली होती.

तिसऱ्या रविवारी चढावर काकूंच्या टाचेमागे वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. सुनेने आणि दोन वाटसरूंनी त्यांना हातांची झोळी करून खाली आणलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "शीर बरीच तुटलीये. जुळेल, चालता येईल. पण डोंगरावरचं पळणं आता विसरायचं." मग त्यांनी बूट उलटसुलट करून बघितले. "हे नवे? आधी सवय केली होती का? कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

बाकावर काकांच्या शेजारी बसलेली सून एकदम रडायला लागली. "मीच घ्यायला लावले. मीच. मला ठाऊक असायला हवं होतं, मी खेळ शिकवते, आणि मलाच..." लहानपणापासून अनवाणी पळणारी पोर ती, तिला सवय करायची वेळच कधी आली नव्हती, तर ठाऊक कुठून असणार? मुलगा चिडून म्हणाला, "मी सांगत होतो, आईला कशाला नसत्या फंदात पाडतेस म्हणून!"

काकांनी तेव्हा तोंड उघडलं असतं तरी पुष्कळ होतं. ते भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसले.

काकूंचा पाय हळूहळू जुळला. सुनेचं मात्र काहीतरी तुटलं ते जुळेना. ती यायची, डबा ठेवायची, "आई, बरं आहे ना?" विचारायची आणि बसायच्या आधीच निघायची. डोंगरावर जाणं तिने सोडलं. काकू म्हणायच्या, "अगं, तू जा की पळायला. माझ्या नशिबात नव्हतं, त्याला तू काय करणार?" त्यावर ती आणखीच ओशाळायची. लेक बोलण्याबोलण्यात तिला टोमणा मारायचा. हे सगळं काका ताटावरून मान वर न करता ऐकत. दुकानात आता सपाट बूट विकायला ते परीटघडीलाच पुढे करत.

एका दुपारी काकू खिडकीत बसून डोंगराकडे बघत होत्या. प्रार्थनेला बसल्यासारखे हात जोडून मांडीवर ठेवलेले. आणि डोळे कोरडे. ते कोरडे डोळे काकांना सहन झाले नाहीत. शेजारी जमिनीवर बसून, गिऱ्हाइकासमोर बसत तसेच, त्यांनी सगळं सांगितलं. शिडी, हसणाऱ्या बायका, परीटघडीचा प्रश्न, पेपर.

काकूंनी जोडलेले हात सुटे केले. मग म्हणाल्या, "मी पोटऱ्या धरून बसले होते, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"इतका राग? बुटांवरून?"

"बुटांवरून नाही गं. तू माझ्या हाताखालून पाय काढून दुसऱ्याच्या हातात दिलास म्हणून."

"तुमच्या हातात होता कधी तो?" काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण काकांना वाटलं, त्यापेक्षा चढला असता तर बरं. "माझं मी बघून घेईन देवाशी. त्या पोरीचं काय? नवऱ्याची बोलणी खातेय ती रोज. उठा. तिला सांगा. आणि लेकालाही."

काका त्याच संध्याकाळी गेले. मुलगा कामावरून यायचा होता. सून ओट्यापाशी कणीक मळत होती. "बाबा? आई बऱ्या आहेत ना?"

त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. सांगताना दोनदा अडखळले. गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं झोपेतही ऐकवलेलं वाक्य जिभेवर येईना.

सुनेचे हात कणकेत थांबले. "तुम्ही त्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी होता."

"हो."

"मी रडत होते."

"हो."

"तुम्ही मला रुमाल दिलात, बाबा."

काकांना ते आठवत नव्हतं. पण दिला असेल. ते खाली बघत राहिले. तिच्या पायांत घरातल्या साध्या सपाता होत्या, आणि पाऊल, त्यांनी न मापताही सांगितलं असतं, पसरट, मोकळं, निकोप. या पायांनी ती किती महिने डोंगरावर गेली नव्हती.

"तो आला की त्यालाही मीच सांगतो," ते म्हणाले. "तू नको सांगूस."

तिने हात धुतले, पुसले. चहा टाकला, कप त्यांच्यासमोर ठेवला, पण स्वतः बसली नाही. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी येईन आईंकडे. पूर्वीसारखी येईन, बसेनही. पण तुम्ही दुकानात असाल तेव्हा."

"बरं," काका म्हणाले.

सासू-सुनेची गाडी पुढे पुन्हा रुळावर आली. सून डोंगरावर जाऊन आली की तशीच धापा टाकत काकूंकडे येते. वाटेवर काय दिसलं, कुठे घसरली, सगळं सांगते, आणि काकू ऐकता ऐकता बसल्या जागी पाय हलवतात. ती येते ती रविवारीच. दुकानाला रविवारी सुट्टी असते. तरी मापकाका सकाळी कपडे करतात, किल्ली नसताना बाजारात जातात, आणि दुकानाच्या बंद शटरसमोरच्या पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत दुपारपर्यंत बसून राहतात.