दादाची खेचर कंपनी

रिटायर फौजी एकटा बसला की तंबाखू मळतो. दोघं बसले की बॉर्डर निघते. तिसरा आला की थेट लढाईच सुरू, आणि चहा गार! शेलूबाजारला जीप स्टँडवर चहाच्या टपरीमागे असा फौजी कट्टा भरतो. मी सातवीतून शाळा सोडली, आता जीप चालवतो. सीट भरेपर्यंत मला तिथेच बसावं लागतं. मी एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण कोणत्या पलटणीने कोणत्या लढाईत काय केलं ते मला विचारा! हे किस्से डोक्यात साचत जातात. इतके साचतात की दुसरं काही ठेवायला जागा उरत नाही. सध्या तेच बरं आहे. गेल्या महिन्यात माझा दादा गेला. तोही फौजी होता.

* * *

कट्ट्यावरचे मोठे म्हणजे सुभेदार काका. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या पलटणीने एक टेकडी घेतली. पलटणीत नव्या पोराला पलटणीचा सगळा इतिहास तोंडपाठ करायला लावतात म्हणे. काकांचा अजून पाठ आहे.

एकदा ते माझ्या जीपमध्ये पुढे दाराशी बसले आणि सुरू झाले. वाशीम आलं, मागचे सगळे उतरले, पण काका हलेनात. त्यांच्या आणि माझ्या मधे एक बाई मांडीवर लेकरू घेऊन अडकली होती.

मी म्हटलं, "काका, उतरा ना. वाशीम आलं."

"थांब ना बे! आमी अजून टेकडीच्या खाली हावो. वरून फायर येऊन राह्यलं!"

बाई म्हणाली, "मंग घ्या ना बाप्पा लवकर टेकडी! मले लेकराले दवाखान्यात न्याचं हाय!"

काकांनी दोन वाक्यांत टेकडी घेतली. उतरताना म्हणाले, "एवढी घाई तं आमाले साहेबानंबी नव्हती केली."

* * *

दुसरे हवालदार काका. ते पूल बांधणाऱ्या पलटणीत होते, त्याच लढाईत. या दोघांचं कधी जमत नाही, आणि एकमेकांशिवाय चहाही उतरत नाही.

हवालदार काका म्हणतात, "आमी पूल बांधला नसता तं तुमची पलटण नदीच्या अलीकडेच राह्यली असती."

"आमी पोहून गेल्तो!"

"हो ना! मंग आमच्या पुलावर बूट कोणाचे वाळत होते?"

* * *

दादा पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्यात कट्ट्यावर नेलं. सुभेदार काकांनी विचारलं, "कोणती युनिट, बेटा?"

दादा म्हणाला, "खेचर कंपनी, काका."

जिथे गाडी जात नाही तिथे वरच्या चौक्यांवर खेचरांच्या पाठीवर रेशन, रॉकेल, गोळ्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. कट्टा असा हसला की टपरीवाल्याने डोकं बाहेर काढलं.

सुभेदार काका म्हणाले, "अरे, गाढवंच हाकायचे होते तं बॉर्डरवर कायले गेला? शेलूच्या बाजारात कमी होते काय?"

माझे कान तापले. दादा मात्र त्यांच्यासोबत हसला. काकांनी विचारलं, "तुमच्या युनिटले इतिहास तरी हाय काय?"

"हाय ना. पण त्यात टेकडी घेतली, पूल बांधला असं नाई. कोणत्या लढाईत कोणत्या चौकीवर जेवण पोचलं, तेवढंच हाय."

"आन नाई पोचलं तं?"

"मंग त्या चौकीचा इतिहासच नाई राहत, काका."

ते कोणी नीट ऐकलं नाही. मीही नाही. मी जीप भरली की नाही ते पाहायच्या नावाने उठून गेलो.

* * *

त्यानंतर जीपमध्ये कोणी दादाचं विचारलं की मी सांगायचो, "रणगाड्यावर हाय!" कसं तोंडातून निघालं माहीत नाही, पण निघालं ते निघालंच. बाया "अगं माय!" म्हणायच्या. मला बरं वाटायचं.

एकदा भरतीची तयारी करणारा पोरगा शेजारी बसला. त्याने विचारलं, "कोणता रणगाडा, भाऊ?"

मी म्हटलं, "मोठा!"

"नाई, म्हंजे मॉडेल कोणतं?"

"सगळ्यात मोठं!"

 उतरताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की परतीच्या फेरीला मी कोणाशीच बोललो नाही.

* * *

दादा लढाईत गेला नाही. तो सुट्टीवर आला होता. हायवेवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

तेरवीसाठी गावच्या फाट्यावर श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावायचं होतं. दुकानातल्या पोराने विचारलं, "मागं काय टाकू? फौजीचे लय डिझाइन हायेत."

"रणगाडा टाक."

"पहाड टाकू काय? बरफाचे मस्त हायेत."

"रणगाडा म्हन्लं ना एकदा!" मी त्याच्यावर ओरडलो. ओरडता ओरडता मला रडू आलं. बिचाऱ्याने घाबरून दोन रणगाडे टाकले! एकाच्या झाकणातून दादाचं डोकं बाहेर काढलं, वर हेल्मेट घातलं. आठ दिवस ते फ्लेक्स फाट्यावर वाऱ्याने फडफडत होतं, आणि मी रोज त्याच्याखालून मान खाली घालून जीप नेत होतो.

* * *

तेरवीला युनिटमधून एक नायक, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्याचा फौजी, आला. पहाडी माणूस, दादाच्या बरोबरीचा. मी त्याला आणायला फाट्यावर गेलो, तर तो फ्लेक्ससमोर उभा. बाजूला सुभेदार काका आणि हवालदार काका. मला वाटलं, आत्ता इथे जमीन फाटावी.

नायक म्हणाला, "भाई, ये टैंक...?"

 तेवढ्यात हवालदार काका पुढे झाले. "लडके को खच्चर का फोटू नहीं मिला, बेटा. दुकान में जो था वो लगा दिया."

"अरे, हमसे माँग लेते!" नायकाने मोबाइल काढला. बर्फात दादा उभा, दाढीवर बर्फ, आणि त्याच्या खांद्यावर मान टाकून एक खेचर. तो मोबाइल सगळ्यांच्या हातातून फिरला. सुभेदार काकांनी चष्मा पुसून पाहिला. पुन्हा पुसला.

म्हणाले, "टेकडी घेतल्यावर आमी उपाशीच होतो. पह्यली रोटी अशाच एका जनावरानं आणली होती."

मी म्हटलं, "मंग इतके वर्षं सांगितलं काहून नाई, काका?"

"पाठ केलं त्याच्यात ते नव्हतंच ना, लेका."

* * *

जेवणं झाल्यावर नायक मला बाजूला घेऊन म्हणाला, "एक चीज़ चाहिए थी. भैया की कोई पहनी हुई कमीज़. धुली हुई नहीं."

मग त्यानेच सांगितलं, दादाच्या खेचरीचं नाव मैना. दादा सुट्टीवर गेला की ती दुसऱ्याच्या हातून खात नसे. मग तिला दाणा देणारा माणूस दादाची कमीज घालून जायचा. पण ती कमीज आता धुवून धुवून नुसत्या साबणाच्या वासाची झाली होती.

घरात दादाचं काही उरलं नव्हतं. आपल्यात मेलेल्याचे कपडे ठेवत नाहीत, सगळे वाटून दिले होते. एक सोडून. मामाने तेरवीचा नवा शर्ट माझ्या अंगावर चढवला होता, त्याच्या आत मी दादाचाच घातलेला होता. तो मी कोणाला काढू दिला नव्हता. मांडवात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, मी दोन्ही शर्ट उतरवले. मामा ओरडला, "अरे, हे काय करून राह्यला?" मी उघडाच उभा राहिलो.

नायकाने शर्टाचा वास घेतला. म्हणाला, "इसमें तो तुम भी हो."

"तं मंग नाई चालणार?"

"देखते हैं."

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. आई जवळच बसली होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"मैनाने खाया क्या?" मी विचारलं.

"पहले दिन सिर्फ सूँघा. बहुत देर तक सूँघा."

"आन दुसऱ्या दिवशी?"

"दूसरे दिन पूरी कमीज़ ही खा गई, भाई! बटन समेत!"

आईला त्याची हिंदी नीट कळली नाही. तिने विचारलं, "काय म्हन्ते तो?"

"आई, तिनं दादाचा शर्ट खाल्ला."

 आई म्हणाली, "जेवली ना पण?"